५.९८ सोडले, ६.०३ जिंकले: पोल व्हॉल्टमधील ‘पास’चा हिशेब

आपला प्रश्न असा आहे की, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील पुरुषांच्या पोल व्हॉल्टच्या, म्हणजे बांबूउडीच्या, अंतिम फेरीत फ्रान्सच्या रनो लाव्हिलेनीने ५.९८ मीटर उंची पहिल्याच प्रयत्नात ओलांडली, ब्राझीलच्या थियागो ब्राझने त्या उंचीवर उडीच मारली नाही, आणि तरीही सुवर्णपदक ब्राझला मिळाले, हे कसे? उंची सोडून देण्याची मुभा ही नियमांतली पळवाट आहे काय? आणि दोघे एकाच उंचीवर थांबले तर निकाल कसा लावतात? मी खेळाडू घडवण्याचे आणि पोल व्हॉल्टच्या मैदानावर पंच म्हणून उभे राहण्याचे काम दीर्घकाळ करीत आलो आहे, आणि हाच प्रश्न मला पालकांकडून, नवोदित खेळाडूंकडून आणि कधीकधी क्रीडाशिक्षकांकडूनही विचारला जातो, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

थेट उत्तर एका वाक्यात देता येते. ब्राझने ६.०३ मीटर ओलांडले आणि लाव्हिलेनीला ते ओलांडता आले नाही, म्हणून ब्राझ जिंकला. ५.९८ सोडल्याबद्दल त्याला कोणतेही गुण मिळाले नाहीत आणि त्याचे कोणतेही गुण कापलेही गेले नाहीत. उंच उडी आणि पोल व्हॉल्ट यांसारख्या उंचीच्या स्पर्धांत प्रत्येकाच्या नावावर त्याने ओलांडलेली सर्वांत मोठी उंची लागते, मधल्या पायऱ्या त्याने चढल्या की नाही याला महत्त्व नसते. परंतु त्याने ती उंची का सोडली आणि त्या क्षणी ती सोडणेच शहाणपणाचे का होते, हे समजून घेतल्याशिवाय ही स्पर्धा खऱ्या अर्थाने पाहता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी नियम पाहू. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी मुख्य पंच सुरुवातीची उंची आणि त्यानंतर बार, म्हणजे ओलांडायचा आडवा दांडा, किती किती वाढत जाईल हे जाहीर करतात. ही वाढ पुढे पुढे कमी होऊ शकते, पण वाढत नाही, आणि एकच विजेता शिल्लक राहीपर्यंत ती ५ सेंटिमीटरपेक्षा कमी करता येत नाही. कोणत्या उंचीपासून उडी मारायची हे खेळाडू स्वतः ठरवतो. प्रत्येक उंचीवर जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात, पण बाद होण्याचा नियम ‘एका उंचीवर तीन अपयशे’ असा नसून ‘लागोपाठ तीन अपयशे, मग ती कोणत्याही उंचीवर असोत’ असा आहे, आणि सगळी गंमत या वाक्यरचनेतच आहे. एखाद्या उंचीवर एकदा किंवा दोनदा अपयश आले तरी खेळाडू तिथले उरलेले प्रयत्न सोडून पुढच्या उंचीवर जाऊ शकतो. मात्र आधीची अपयशे त्याच्याबरोबर पुढे जातात. दोन अपयशे घेऊन वर गेलेल्याला तिथे एकच संधी असते. शिवाय एखाद्या उंचीवरचा प्रयत्न एकदा सोडला की त्या उंचीवर पुन्हा उडी मारता येत नाही. पंचांच्या तक्त्यावर यशस्वी उडीसाठी गोल, फसलेल्या उडीसाठी फुली आणि सोडलेल्या प्रयत्नासाठी, म्हणजे ‘पास’साठी, आडवी रेघ काढतात. ज्याला हा तक्ता वाचता येतो त्याला खेळाडूच्या मनात काय चालले आहे हेही बऱ्याच अंशी वाचता येते.

बरोबरी कशी सोडवतात तेही इथेच सांगतो, कारण रिओचा निर्णय त्यावाचून कळणार नाही. दोन खेळाडूंची सर्वोच्च उंची सारखीच असेल तर प्रथम त्या शेवटच्या उंचीवर कोणाचे कमी प्रयत्न फसले ते पाहतात. तिथेही बरोबरी असेल तर सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतच्या एकूण फुल्या मोजतात. त्या उंचीच्या वर आलेल्या फुल्या मोजत नाहीत. एवढे करूनही पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी राहिली तरच बरोबरी फोडण्यासाठी जादा उड्यांची फेरी घेतात, आणि तीही खेळाडूंनी न घेण्याचे ठरवले तर घेतली जात नाही. इतर क्रमांकांसाठी बरोबरी तशीच राहते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: आडवी रेघ म्हणजे फुली नव्हे. सोडलेल्या उंचीचा मोजणीत भुर्दंड पडत नाही.

आता त्या रात्रीकडे वळू. १५ ऑगस्ट २०१६, रिओचे ऑलिंपिक स्टेडियम. मुसळधार पावसामुळे स्पर्धा रखडली होती आणि ती संपता संपता मध्यरात्र जवळ आली. लाव्हिलेनी हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा विजेता, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्गेई बुबकाच्याच दोनेत्स्क गावी ६.१६ मीटर उडी मारून बुबकाचा जुना विश्वविक्रम मोडणारा खेळाडू. तो ५.७५ ला स्पर्धेत उतरला आणि ५.८५, ५.९३, ५.९८ अशी प्रत्येक उंची त्याने पहिल्याच प्रयत्नात ओलांडली. तक्त्यावर त्याच्या नावापुढे एकही फुली नव्हती. अमेरिकेचा सॅम केंड्रिक्स ५.८५ वर थांबून कांस्यपदकावर स्थिरावला होता. उरला ब्राझ. बुबकाला घडवणाऱ्या विताली पेत्रोव्ह यांच्या हाताखाली तयार झालेला हा तरुण त्याआधी कधीही सहा मीटरच्या वर गेला नव्हता, आणि ५.९३ पर्यंत येताना त्याच्या तक्त्यावर फुल्या पडल्या होत्या.

ब्राझच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. रौप्यपदक निश्चित झाले आहे, कारण खाली कोणी उरलेलेच नाही. समोर ५.९८ आहे आणि प्रतिस्पर्ध्याने ती पहिल्या प्रयत्नात, एकही फुली न लागता ओलांडली आहे. आपणही ती पहिल्याच प्रयत्नात ओलांडली असे गृहीत धरू. तरी काय हाती लागेल? शेवटच्या उंचीवर दोघांची अपयशे सारखी, म्हणून एकूण फुल्या मोजल्या जातील आणि त्यात आपण मागे. म्हणजे सर्वोत्तम उडी मारूनही ५.९८ वर सुवर्ण मिळणे शक्य नाही. सुवर्ण हवे असेल तर ६.०३ ओलांडावेच लागेल. मग ५.९८ वर खर्च होणारी प्रत्येक उडी ही ६.०३ साठी लागणाऱ्या शक्तीतून वजा होणारी उडी आहे. ब्राझने आडवी रेघ घेतली. ६.०३ वर त्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यात तो बारच्या वर स्वच्छ गेला आणि ऑलिंपिक विक्रम झाला. याला कोणी जुगार म्हणतात. माझ्या मते जुगारात गमावण्यासारखे काहीतरी असावे लागते, आणि इथे गमावण्यासारखे काहीच नव्हते. ५.९८ वर उडी मारणे हाच उलट वाया जाणारा खर्च झाला असता.

लाव्हिलेनीचा त्यानंतरचा निर्णय मला याहून अधिक अभ्यासण्यासारखा वाटतो. ६.०३ वर त्याचे दोन प्रयत्न फसले होते आणि ब्राझ ती उंची दुसऱ्या प्रयत्नात ओलांडून गेला होता. लाव्हिलेनीपुढे दोन वाटा होत्या: तिसरा प्रयत्न ६.०३ वर करायचा किंवा तो राखून ६.०८ वर जायचे. त्याने दुसरी वाट घेतली, बार पडला आणि रौप्यपदक मिळाले. अनेकांना वाटते की त्याने ६.०३ वरच शेवटचा प्रयत्न करायला हवा होता, कारण ती उंची कमी होती. पण ६.०३ ओलांडूनही तो मागेच राहिला असता, कारण त्या उंचीवर त्याच्या दोन फुल्या आणि ब्राझची एक. जिंकण्यासाठी पुढे ६.०८ लागणारच होते. हां, ६.०३ ओलांडल्यावर त्याला ६.०८ वर नव्याने तीन प्रयत्न मिळाले असते, हा त्या वाटेचा फायदा. केवळ उदाहरणादाखल समजा की ६.०३ ओलांडण्याची त्याची शक्यता त्या वेळी १० पैकी ३ होती आणि ६.०८ ची एका प्रयत्नात १० पैकी २. पहिल्या वाटेने आधी ३० टक्क्यांचा दरवाजा उघडावा लागेल, आणि मग तीन प्रयत्नांत ६.०८ साधण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के. दोन्हींचा गुणाकार १५ टक्क्यांच्या आसपास येतो. दुसऱ्या वाटेने सरळ २० टक्के. आणि पहिल्या वाटेच्या हिशेबात थकवा धरलेलाच नाही. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, परंतु दोन उंचींमध्ये फार अंतर नसताना हिशेब बहुतेक वेळा याच बाजूला झुकतो. लाव्हिलेनीचा निर्णय बरोबर होता. त्याची उडी चुकली, निर्णय चुकला नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला प्रत्येक प्रशिक्षकाने शिकले पाहिजे.

थकव्याला मी इतके महत्त्व का देतो, ते आकड्यांत सांगतो. पोल व्हॉल्ट म्हणजे मुळात धावण्याच्या वेगाचे उंचीत रूपांतर करणे होय. पहिल्या दर्जाचा खेळाडू पोल रोवताना साधारण ९.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने धावत असतो. त्या वेगातली सगळी ऊर्जा उंचीत बदलली तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ४.६० मीटर वर जाईल. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य आधीच जमिनीपासून एक मीटरहून थोडा वर असतो, त्यामुळे बेरीज ५.७० च्या आसपास पोहोचते. पोल रोवताना थोडी ऊर्जा वाया जाते, आणि पोलवर उलटे होताना हात, खांदे व पोट यांच्या जोरावर ती भरून काढून वर आणखी भर घालावी लागते. आता वेग ९.५ ऐवजी ९.४ झाला तर? उंचीत जवळजवळ १० सेंटिमीटरची घट येते. ५.९३ आणि ६.०३ यांमध्ये तेवढेच अंतर आहे. सेकंदाला १० सेंटिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण मांडीतल्या स्नायूंना तो आठव्या किंवा नवव्या उडीनंतर निश्चित जाणवतो. स्वीडनचा आर्मांड डुप्लांटिस इतरांच्या पुढे का आहे याचे पहिले कारण त्याचा वेगच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिचला त्याने ४०० मीटर अडथळ्यांचा विश्वविक्रमवीर कार्स्टन वॉरहोम याला १०० मीटरच्या शर्यतीत १०.३७ सेकंदांत हरवले होते.

वेगाबरोबर दुसरा प्रश्न पोलचा. पोल कोणत्याही पदार्थाचा, कितीही लांबीचा आणि कितीही जाड असू शकतो. नियमांनी तिथे बंधन घातलेले नाही. व्यवहारात खेळाडू पिशवीत अनेक पोल घेऊन येतो, जे लांबीने जवळपास सारखे पण ताठरपणाने चढत्या क्रमाचे असतात. नरम पोल सहज वाकतो, पण वर फेकताना त्याची ताकद कमी पडते. ताठर पोल वर जोरात फेकतो, पण तो वाकवायला पुरेसा वेग नसेल तर खेळाडू गादीपर्यंत पोहोचण्याआधीच अडकतो आणि मागे, धावमार्गावर परत येऊन पडण्याचा धोका असतो. एखादा खेळाडू उंची सोडतो तेव्हा पुष्कळदा तो पुढच्या उंचीसाठी लागणाऱ्या ताठर पोलवर थेट जाण्याचा निर्णय घेत असतो. याची एक अडचण अशी की त्या पोलवर त्या दिवशीची त्याची ती पहिलीच उडी असते, आणि मोठ्या उंचीवर पहिला प्रयत्न फसून दुसरा साधतो, हे दृश्य म्हणूनच वारंवार दिसते.

वेळेचे बंधनही या हिशेबात येते. तीनपेक्षा जास्त खेळाडू शिल्लक असताना प्रत्येकाला उडी सुरू करायला एक मिनिट मिळते, दोन किंवा तीनच उरले की दोन मिनिटे, आणि एकटाच उरला की पाच मिनिटे. रिओप्रमाणे दोघेच उरतात तेव्हा प्रतिस्पर्ध्याची दोन मिनिटे संपली की आपली पाळी आलीच. विश्रांती फार थोडी मिळते. उंची सोडणे म्हणजे त्या वेळी दम घेणे, वाऱ्याचा झोत ओसरण्याची वाट पाहणे आणि पोल बदलणे, अशी तीन कामे एकदम होणे होय. धावमार्गाजवळ वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लावलेली असते. अनुभवी खेळाडू घड्याळाकडे एक डोळा आणि त्या नळीकडे दुसरा डोळा ठेवून उभा असतो. समोरून येणारा वारा वेग खातो आणि पावलांचे मोजमाप बिघडवतो, त्यामुळे मिनिट संपत आले तरी तो शेवटच्या काही सेकंदांपर्यंत थांबतो.

मैदानावर उभ्या असलेल्या पंचाला दिसणाऱ्या दोन बारीक गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात, कारण दूरदर्शनवर त्या सहसा लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे बारचे खांब. पोल ज्या खोबणीत रोवतात तिच्या मागच्या कडेपासून बार गादीच्या दिशेने ८० सेंटिमीटरपर्यंत मागे सरकवता येतो, आणि किती सरकवायचा हे प्रत्येक खेळाडू आपल्या उडीच्या वळणानुसार आधी सांगतो. एक ६० म्हणतो, दुसरा ८० म्हणतो, आणि प्रत्येक पाळीला खांब पुढेमागे होतात. खांब लावून झाले आणि मग खेळाडूला बदल हवासा वाटला तर त्याचे घड्याळ थांबत नाही. कित्येक प्रयत्न पायांनी नव्हे तर या आकड्याने फसतात: उडी पुरेशी उंच असते, पण शिखर बारच्या अलीकडे किंवा पलीकडे येते आणि उतरताना छाती किंवा हात बारला लागतो. दुसरी गोष्ट सोडलेल्या पोलची. खेळाडू वर असताना पोल बारपासून दूर पडत असेल तरच त्याला हात लावता येतो. तो बारच्या दिशेने झुकत असताना कोणी पकडला आणि पकडला नसता तर बार पडला असता असे पंचांचे मत झाले, तर उडी फसलेली धरतात. म्हणून पोलजवळ उभा असलेला मदतनीस हात पुढे करूनही थबकतो. त्याला अर्ध्या सेकंदात ठरवायचे असते. आणि उडी मारताना पोलच मोडला तर मात्र तो प्रयत्न अपयश मानत नाहीत, नवा प्रयत्न देतात.

सोडण्याचा डाव नेहमी यशस्वी होतो असे माझे म्हणणे मुळीच नाही. याचा सर्वांत कठोर दाखला बुबकाचाच आहे. १९८३ ते १९९७ या काळात सलग सहा विश्वविजेतेपदे जिंकणारा हा खेळाडू ऑलिंपिकमध्ये एकदाच जिंकला, १९८८ मध्ये सोलला, आणि तिथेही ५.९० ही विजयी उंची त्याने तिसऱ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात ओलांडली. चार वर्षांनी बार्सिलोनात तो ५.७० ला उतरला, दोनदा फसला, उरलेला एक प्रयत्न घेऊन ५.७५ वर गेला आणि तिथेही बार पडला. निकालपत्रात त्याच्या नावापुढे कोणतीही उंची लागली नाही. त्या दिवशी सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच्या संयुक्त संघाचे माक्सिम तारासोव्ह आणि इगोर त्रांदेन्कोव्ह दोघेही ५.८० वर थांबले आणि फुल्यांच्या मोजणीने सुवर्ण तारासोव्हला मिळाले. रिओतला ब्राझ आणि बार्सिलोनातला बुबका यांच्यातला भेद नीट पाहावा. ब्राझने उंची सोडली तेव्हा त्याच्या नावावर ५.९३ जमा होते. बुबकाच्या नावावर काहीच जमा नव्हते. सुरुवातीची उंची निवडताना हाच विचार प्रथम केला पाहिजे की, वाईटात वाईट दिवशीही आपण ती ओलांडू काय.

फुल्यांच्या मोजणीने किती पदके ठरली आहेत हे पाहिले तर ‘नुसती उंची गाठली म्हणजे झाले’ हा समज टिकत नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बॉब सीग्रेन, क्लाउस शिप्रोव्स्की आणि वोल्फगांग नॉर्डविग या तिघांनीही ५.४० ओलांडले आणि सुवर्ण सीग्रेनचे झाले. २०१३ च्या मॉस्को विश्वविजेतेपद स्पर्धेत लाव्हिलेनी आणि जर्मनीचा राफाएल होल्झडेपे दोघांची उंची ५.८९. होल्झडेपेने ती पहिल्या प्रयत्नात ओलांडली होती, लाव्हिलेनीने तिसऱ्या. दोन वर्षांनी बीजिंगमध्ये होल्झडेपेवर तीच वेळ आली: कॅनडाचा शॉन बार्बर आणि तो दोघेही ५.९० वर, सुवर्ण बार्बरला. त्याच स्पर्धेत लाव्हिलेनी, पिओत्र लिसेक आणि पावेल वोइचिएखोव्स्की हे तिघे ५.८० वर फुल्यांसकट बरोबरीत राहिले आणि तीन कांस्यपदके द्यावी लागली. २०१९ मध्ये दोहा येथे केंड्रिक्स आणि डुप्लांटिस दोघांनी ५.९७ ओलांडले, सुवर्ण केंड्रिक्सला मिळाले आणि १९ वर्षांच्या डुप्लांटिसला रौप्य. एकेकाळी विश्वविक्रम नावावर असूनही लाव्हिलेनीला खुल्या मैदानावरचे विश्वविजेतेपद कधीच मिळाले नाही, ही गोष्ट मला आजही हळहळ लावते. खालच्या उंचीवरची एक निष्काळजी फुली तासाभराने पदकाचा रंग बदलू शकते, हे त्याच्या तक्त्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसेल.

रिओच्या प्रेक्षकांचा उल्लेख टाळता येणार नाही. लाव्हिलेनी धावायला उभा राहिला की हुर्यो उडवली जात होती, आणि पदक देताना व्यासपीठावरही ती थांबली नाही. तो तिथे रडला आणि नंतर खुद्द बुबकाने त्याची समजूत काढली. नियमांच्या दृष्टीने यावर पंचांना फारसे काही करता येत नाही. धावमार्गावर प्रत्यक्ष अडथळा आला तर बदली प्रयत्न देता येतो, आवाजासाठी देण्याची प्रथा नाही. १९८० मध्ये मॉस्कोच्या प्रेक्षकांच्या शिट्ट्यांमध्ये पोलंडच्या व्लादिस्लाव कोझाकिएविचने ५.७८ चा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकले होते, म्हणजे असे प्रसंग या खेळाला नवे नाहीत. तरीही ज्या खेळात माणूस डोके खाली आणि पाय वर करून पाच मीटरवर लटकलेला असतो, तिथे त्याच्या एकाग्रतेवर हल्ला करणे हे मी क्रूरपणाचे समजतो. ब्राझचा विजय त्याच्या उडीमुळे होता आणि तो निर्विवाद होता. त्याला त्या गोंगाटाची गरज नव्हती.

आपल्याकडच्या स्पर्धांबद्दलही दोन शब्द, कारण नियम तेच आहेत. राष्ट्रीय पातळीवर पुरुषांची उंची हळूहळू वर जात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मध्य प्रदेशच्या देव मीणाने ५.३२ मीटरचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. परंतु जिल्हा आणि राज्य स्पर्धांत बांबूउडीला उतरणारी आपली मुले बहुतेक वेळा जाहीर झालेल्या पहिल्याच उंचीला सुरुवात करतात आणि प्रत्येक पायरीवर उडी मारत वर येतात. त्यांच्या स्वतःच्या सर्वोत्तम उंचीपर्यंत बार पोहोचतो तेव्हा पाय संपलेले असतात. पोल मोजकेच आणि बहुधा सामाईक, सरावाला पुरेशी गादी क्वचितच, हे मी जाणतो. तरीही मी मुलांना सांगतो की, आपल्या सर्वोत्तम उंचीच्या साधारण ४० ते ५० सेंटिमीटर खाली स्पर्धेत उतरावे, पहिली उंची नावावर लागली की पुढची एखादी सोडण्याचा विचार करावा, आणि दर उंचीला आपला व प्रतिस्पर्ध्याचा तक्ता स्वतः वहीत उतरवावा. ज्या मुलाला आपण फुल्यांत पुढे आहोत की मागे हे ठाऊक नाही, त्याला पास घ्यायचा की उडी मारायची हे ठरवताच येणार नाही.

या कलेचा आजचा सर्वांत शांत नमुना डुप्लांटिसच्या तक्त्यात दिसतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याने ५.७० ओलांडले, ५.८० सोडले, ५.८५ ओलांडले, ५.९० सोडले, मग ५.९५ आणि ६.०० पहिल्याच प्रयत्नात. केंड्रिक्स ५.९५ वर आणि ग्रीसचा इमानुइल करालिस ५.९० वर थांबल्यावर सुवर्ण चार उड्यांत निश्चित झाले. एकटा विजेता उरला की पुढच्या उंची तो स्वतः निवडतो. त्याने ६.१० घेऊन ब्राझचा ऑलिंपिक विक्रम मोडला, मग बार थेट ६.२५ वर नेला आणि दोनदा फसून तिसऱ्या प्रयत्नात विश्वविक्रम केला. संपूर्ण अंतिम फेरीत मिळून आठ उड्या. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत करालिसने ६.०० पर्यंत साथ दिली आणि डुप्लांटिसने ६.३० मीटर, पुन्हा तिसऱ्याच प्रयत्नात, ओलांडले. दोन्ही ठिकाणी विक्रमी उंचीपुढे दोन फुल्या आणि एक गोल अशी नोंद आहे. या फुल्यांनी पदकावर परिणाम होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण विजय आधीच ठरला होता, आणि समजा ६.३० वर तिसरीही फुली पडली असती तरी त्याच्या नावावर त्याआधीची सर्वोच्च उंची आणि तेच सुवर्णपदक राहिले असते.